गॅप मणक्यात की समजुतीत?

(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)

मित्रांनो, गोष्ट गेल्या वर्षीची. पाचव्या सेमिस्टरचं सबमिशन तोंडावर आलेलं. तीन रात्री पलंगावर मांडी घालून, पुढ्यात लॅपटॉप ठेवून जर्नल्स 'पूर्ण' करणं चाललं होतं. (जर्नल पूर्ण करणं म्हणजे नक्की काय करणं, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही!) आमच्या हॉस्टेलमध्ये सोलरचं गरम पाणी फक्त तळमजल्यावर येतं. चौथ्या दिवशी सकाळी नळाखालची भरलेली बादली उचलायला वाकलो आणि कमरेत अशी काही चमक निघाली, की बादली तिथेच आणि मीही तिथेच! सरळ होता येईना, खाली बसता येईना. शेवटी दोघा मित्रांनी धरून तीन जिने वर नेलं.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. मेसच्या मावशी म्हणाल्या, "उसण भरली बाळा, पायाळू माणूस बघा, पाठीला पाय लावला की जाते." रूममेटने अर्धी बाटली बाम संपवला. आईचा फोन आला, "अजिबात हलू नकोस, पडून राहा." आणि बाबांनी सांगितलं, "आता आयुष्यात वजन उचलू नकोस." बाबांचा अनुभवच तसा. अकरा वर्षांपूर्वी त्यांची कंबर धरली होती. तेव्हा कुणीतरी एक्स-रे बघून सांगितलं, "मणक्यात गॅप आहे, जपा." तेव्हापासून बाबांनी कमरेचा पट्टा आणि गॅप, दोन्ही जपलंय.

मी घरी जाऊन बारा दिवस पडून राहिलो. तरी दुखणं जाईना म्हणून एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, 'एल४-एल५ पातळीवर डिस्क बल्ज, डिस्क डेसिकेशन'. काउंटरवरच्या माणसाने न विचारताच भाषांतर केलं, "गॅप आलाय मणक्यात. एवढ्या लहान वयात!" संपलं! विसाव्या वर्षी माझा कणा बाद. राजगडचा ट्रेक रद्द केला. वर्कशॉपमध्ये जॉब उचलायची वेळ आली की मित्राला पुढे करू लागलो. खाली पडलेलं पेन उचलायलासुद्धा कमरेत न वाकता गुडघ्यांवर बसायचो.

पाच आठवड्यांनी आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, पण उघडला नाही. आधी पायातली ताकद, स्पर्श, रिफ्लेक्स सगळं तपासलं. मग म्हणाल्या, "बुटाची लेस सोड आणि परत बांध. वाकून." मी म्हटलं, "मॅडम, माझ्या मणक्यात गॅप आहे." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "गॅप नसता तर तुला वाकताच आलं नसतं."

त्या एका वाक्याने माझं डोकं चालू झालं. मेकॅनिकलचा विद्यार्थी असून, स्वतःच्या शरीरातल्या सर्वांत महत्त्वाच्या स्ट्रक्चरबद्दल आपल्याला शून्य माहिती! मग वाचायला लागलो. त्यातलं तुमच्या कामाचं ते पुढे मांडतो आहे.

कणा : निसर्गाचं डिझाइन

आपल्या कण्यात साधारण ३३ मणके असतात. मानेचे ७, छातीच्या मागचे १२, कमरेचे ५, त्याखाली एकमेकांना जुळून गेलेले ५ म्हणजे त्रिकास्थी आणि शेवटी माकडहाडाचे साधारण ४. यातले वरचे २४ सुटे. मानेतले पहिले दोन मणके सोडले तर सुट्या मणक्यांच्या मध्ये आणि कमरेच्या शेवटच्या मणक्याखाली एकेक चकती असते, अशा एकूण २३ चकत्या. यालाच आपण गादी किंवा डिस्क म्हणतो.

चकतीची रचना बघितली की टायरची आठवण होते. मध्ये जेलीसारखा पाणीदार गाभा आणि त्याभोवती तंतूंचे एकावर एक थर. एका थरातले तंतू एका बाजूला तिरपे, तर पुढच्या थरातले विरुद्ध बाजूला. टायरमधले प्लाय आठवा! या चकत्या वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेल्या असतात. म्हणजे 'गादी सरकली' असं आपण म्हणतो तेव्हा साबणाची वडी हातातून निसटावी तशी ती कुठे जात नाही. फार तर तिचा काठ फुगतो, किंवा बाहेरचे थर फाटून आतला गाभा थोडा बाहेर येतो.

आणि तो सुप्रसिद्ध 'गॅप'? दोन मणक्यांमध्ये अंतर असतंच, तिथेच चकती बसलेली असते. वयाप्रमाणे चकतीतलं पाणी कमी होतं आणि ती थोडी बसते. रिपोर्टमधल्या 'डेसिकेशन' या भीतिदायक शब्दाचा अर्थ एवढाच, की पाणी कमी झालंय. चकती बसली की दोन मणक्यांमधलं अंतर कमी होतं. म्हणजे ज्याला लोक 'गॅप आला' म्हणतात, तिथे बहुतेक वेळा गॅप कमी झालेला असतो! एका चुकीच्या शब्दाने किती माणसांना घाबरवून ठेवलंय बघा. गॅप म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो सुटा झालेला, आता कोसळेल की मग कोसळेल असा खांब.

आणखी एक गंमत. मोठ्या माणसाच्या चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण शेजारच्या मणक्यांमधून झिरपून होतं. दिवसभराच्या भाराने चकतीतलं पाणी हळूहळू बाहेर जातं आणि रात्री आडवं झालं की परत आत येतं. त्यामुळे सकाळी उठल्यावर आपण रात्रीपेक्षा साधारण एक सेंटिमीटरने उंच असतो. विश्वास नसेल तर दाराच्या चौकटीवर खूण करून बघा.

बादलीचं गणित

आता माझ्या बादलीकडे येऊ. फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स पुरेसं आहे. कमरेचा सर्वांत खालचा सांधा म्हणजे बिजागरी समजा. वाकल्यावर धडाचं वजन, समजा ३५ किलो, या बिजागरीपासून २५ सेंटिमीटर पुढे. बादली १५ किलो, ४५ सेंटिमीटर पुढे. 'जी' १० धरला तर मोमेंट होतो ८७.५ अधिक ६७.५, म्हणजे १५५ न्यूटन-मीटर. हा तोलून धरायचा कुणी? पाठीच्या स्नायूंनी. पण त्यांचा लिव्हर आर्म जेमतेम ५ सेंटिमीटर! म्हणजे स्नायूंना ओढ लावावी लागते ३१०० न्यूटनची. जवळपास ३१० किलो! तेवढ्याच जोराने मणके एकमेकांवर दाबले जातात.

आता तीच बादली शरीराजवळ घेऊन, धड जवळजवळ सरळ ठेवून धरा. धड ५ सेंटिमीटर पुढे, बादली २५ सेंटिमीटर पुढे. मोमेंट ५५ न्यूटन-मीटर, स्नायूंची ओढ ११०० न्यूटन. वजन तेच, भार जवळपास एक तृतीयांश! हे गणित ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेचं वजन उचलण्याचं १९९१ चं सूत्र याच तत्त्वावर उभं आहे. सगळं अनुकूल असेल आणि वजन शरीरापासून २५ सेंटिमीटरच्या आत असेल तर शिफारस २३ किलोपर्यंत. अंतर ५० सेंटिमीटर झालं की मर्यादा थेट निम्मी.

हे प्रत्यक्ष मोजलंही गेलंय. स्वीडनचे सर्जन आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीतला दाब मोजायला सुरुवात केली. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका ४५ वर्षांच्या स्वयंसेवकाच्या एल४-एल५ चकतीत सेन्सर बसवून त्याच्याकडून रोजच्या हालचाली करून घेतल्या. आडवं पडल्यावर दाब ०.१ मेगापास्कल, उभं राहिल्यावर ०.५, पाठीला टेका न देता सैल बसल्यावर ०.४६. पाठ गोल करून, वाकून २० किलो उचलले तेव्हा २.३! कारच्या टायरमधली हवा साधारण ०.२ मेगापास्कलची असते, यावरून कल्पना करा.

पण खरी मजा पुढे आहे. तो स्वयंसेवक खुर्चीत घसरून, मागे रेलून बसला तेव्हा दाब होता फक्त ०.२७. म्हणजे "ताठ बस!" म्हणून ज्या बसण्याबद्दल आपण लहानपणापासून बोलणी खाल्ली, त्यात चकतीवरचा दाब उलट कमीच! अर्थात ही मोजमापं एकाच माणसाची आहेत. पण बसण्याची एकमेव आदर्श पद्धत वगैरे काही नसते, हे आता बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात. कितीही चांगली पोझिशन असली तरी तासन्‌तास तीच ठेवणं शरीराला आवडत नाही.

पण माणूस म्हणजे बेअरिंग नव्हे

इथपर्यंत आपलं इंजिनिअरिंग छान चालतं. इथून पुढे मात्र ते आपल्याला फसवतं. मी तेच केलं होतं. पार्ट खराब झालाय, आता तो जपून वापरायचा, नाहीतर लवकर झिजेल! बेअरिंगच्या बाबतीत हे बरोबर आहे. पण हाड आणि स्नायू हे जिवंत मटेरियल आहे. बेताने वाढवत नेलेला भार दिला की ते मजबूत होतात आणि वापरलंच नाही तर कमकुवत होतात. हा गुणधर्म असलेलं एकही मटेरियल आपल्या डेटा बुकात नाही!

दुसरी गोष्ट म्हणजे एमआरआय. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध अभ्यासात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यांपैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे ५२ टक्के लोकांची किमान एक चकती फुगलेली निघाली. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांतल्या तीन हजारांहून अधिक वेदनामुक्त लोकांची आकडेवारी एकत्र करण्यात आली. त्यात विशीतल्या लोकांमध्येही ३७ टक्क्यांच्या चकतीत झीज दिसत होती आणि ३० टक्क्यांची चकती फुगलेली होती. ऐंशीच्या घरात झिजेचं प्रमाण ९६ टक्के! म्हणजे आमच्या वर्गातल्या साठ जणांना सरसकट मशीनमध्ये घातलं, तर वीसेक जणांच्या रिपोर्टवर माझ्यासारखंच काहीतरी छापून येईल. आणि ते सगळे मजेत क्रिकेट खेळत असतील. थोडक्यात काय, तर यातले बरेचसे बदल म्हणजे आतून पिकलेले केस!

मग दुखतं का? दहातल्या साधारण नऊ जणांच्या कंबरदुखीचं बोट ठेवून दाखवता येईल असं एकच कारण सापडत नाही. स्नायू, सांधे, लिगामेंट, चकती यांतलं काहीतरी कुरकुरत असतं. त्यात झोप कमी, परीक्षेचं टेन्शन, दिवसभर बैठक याची भर पडते. वेदना खरीच असते, पण ती नुकसानाचं मीटर नसून अलार्म आहे. आणि अलार्म कधीकधी नुसत्या धुरानेही वाजतो. १९९५ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका बांधकाम कामगाराची हकीकत आली होती. त्याने उडी मारली आणि १५ सेंटिमीटरचा खिळा बुटातून आरपार गेला. वेदना एवढी, की त्याला झोपेचं औषध द्यावं लागलं. बूट काढून बघतात तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडाही नाही! तो नाटक करत नव्हता. त्याच्या मेंदूने डोळ्यांना दिसलं त्यावरून अलार्म वाजवला होता. माझ्या बाबतीत तो खिळा म्हणजे 'गॅप' हा शब्द.

पडून राहणं हा उपाय नाही

१९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांची कंबर नुकतीच धरलेली. एका गटाला दोन दिवस सक्तीची विश्रांती, दुसऱ्या गटाला पाठीचे व्यायाम आणि तिसऱ्याला सांगितलं, जमेल तेवढं रोजचं काम चालू ठेवा. सर्वांत लवकर बरा झाला तिसरा गट. सर्वांत उशिरा, विश्रांतीवाला. आणि तीही फक्त दोन दिवसांची! मी बारा दिवस पडून होतो...

गोळ्यांचं काय? ऑस्ट्रेलियात सोळाशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१४) पॅरासिटामॉल घेणारे साधारण १७ दिवसांत बरे झाले. आणि नुसती खोटी गोळी घेणारे? १६ दिवसांत! सूज-वेदना कमी करणाऱ्या इतर गोळ्यांचा थोडाफार उपयोग होतो, पण पोट आणि किडनीला त्रास होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारूनच आणि थोडेच दिवस.

आणि याच आकड्यांत पायाळू माणसाचं रहस्य आहे. उसण भरली की माणूस कधी धावतो? दुखणं शिगेला पोहोचल्यावर. तिथून ते बहुतेक वेळा आपोआप उतरणारच असतं. मग पाय लावला काय, मंतरलेला दोरा बांधला काय, श्रेय त्याला! बऱ्याचशा महागड्या उपचारांचं यशसुद्धा असंच असतं, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही.

कमरेतून पोटरीपर्यंत, पावलापर्यंत कळ जात असेल, मुंग्या येत असतील, तर तो सायटिका असू शकतो. त्याला जरा जास्त वेळ लागतो. पण त्यातलेही बरेचसे लोक काही आठवड्यांत ते तीनेक महिन्यांत ऑपरेशनशिवाय सावरतात. बाहेर आलेला चकतीचा भाग शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेतं.

मात्र इथे थांबू नका

वरचं वाचून कुणी सगळंच अंगावर काढू नये. पुढीलपैकी काही असेल तर ताबडतोब डॉक्टर गाठा :

१. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, लघवी तुंबणं, किंवा सायकलच्या सीटवर टेकतो त्या भागात बधिरपणा येणं. ही इमर्जन्सी आहे, त्याच दिवशी हॉस्पिटल!

२. पायातली ताकद कमी होत जाणं. उदाहरणार्थ, चालताना पाऊल लोंबणं, चप्पल निसटणं.

३. कंबरदुखीबरोबर ताप, वजन कमी होणं, रात्री घाम येणं. आपल्याकडे मणक्याचा टीबी दुर्मीळ नाही आणि तो औषधांनी बरा होतो, वेळेत कळला तर.

४. जोरात पडल्यानंतर किंवा अपघातानंतरचं दुखणं. तसंच पूर्वी कॅन्सर झालेला असणं किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड्स चालू असणं.

आणि एक खास आपल्या वयाचं. तीन महिन्यांहून जास्त दुखतंय, सकाळी उठल्यावर अर्धा तास तरी कंबर आखडलेली असते, पण हिंडल्या-फिरल्यावर बरं वाटतं आणि विश्रांतीने वाढतं, असं असेल तर अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिसची तपासणी करून घ्या. हा संधिवाताचा प्रकार बहुधा तरुणपणीच सुरू होतो आणि 'बसून बसून दुखतंय' म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतो.

हॉस्टेल स्पेशल

आता काय करायचं ते.

१. कंबर धरली तर पहिले एक-दोन दिवस वाटल्यास आडवे व्हा, पण मधूनमधून उठून चाला. गरम पाण्याच्या पिशवीने शेका, बरं वाटतं. लेक्चरला जाता येत असेल तर जा. (सॉरी!)

२. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा. पाणी प्या, शेजारच्या रूममध्ये डोकावून या. टेबल-खुर्ची असताना पलंगावर लॅपटॉप नको. कमरेच्या मागे गुंडाळलेला टॉवेल ठेवा, हजारो रुपयांच्या खुर्चीची गरज नाही.

३. बादली अर्धी-अर्धी करून दोन्ही हातांत घ्या, म्हणजे भार दोन्ही बाजूंना सारखा. वजन नेहमी अंगाजवळ. सॅकचे दोन्ही पट्टे खांद्यावर.

४. रोज दहा मिनिटं व्यायाम. मार्जारासन. मग हाता-गुडघ्यांवर उभं राहून विरुद्ध हात-पाय सरळ ताणणं. कुशीवर, कोपराच्या आधाराने कंबर उचलून धरणं. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं. सुरुवात कमी वेळाने आणि हळूहळू वाढ. थोडं दुखलं तर चालतं, पण कळ पायात उतरू लागली तर तो व्यायाम थांबवून तज्ज्ञांना विचारा.

५. आणि सर्वांत स्वस्त औषध म्हणजे चालणं. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांच्या अभ्यासात (२०२४) कंबरदुखीतून उठलेल्यांना मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं. न चालणाऱ्यांचं दुखणं मध्यमानाने ११२ दिवसांत उलटलं, चालणाऱ्यांचं २०८ दिवसांत.

६. झोप. सबमिशनच्या आठवड्यातसुद्धा!

जाता जाता

२०२० मध्ये जगभरात अंदाजे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. दुसऱ्या कुठल्याही आजारापेक्षा जास्त माणसं हिच्यामुळे अधू होतात. आणि त्यातला किती भाग दुखण्याचा आणि किती भीतीचा, हा प्रश्न मला आमच्या घरातच पडला.

हे सगळं वाचून झाल्यावर मी बाबांना सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत कमरेचे पट्टे रोजच्या उपचारात वापरू नयेत असंच म्हटलंय, हेही सांगितलं. बाबांना अर्थातच पटलं नाही. "चार पुस्तकं वाचून डॉक्टर झालास का?" शेवटी त्यांना त्याच मॅडमकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि पट्टा एकदम नाही, रोज तासभर कमी करत सोडवला. बाबा संध्याकाळी देवळापर्यंत चालायला लागले. पहिले पंधरा दिवस रोज कुरकुर, मग सवय.

दिवाळीत ताई आली होती. तिची मुलगी अडीच वर्षांची, वजन बारा किलो. (मी लगेच लिव्हर आर्म मोजला!) तिने नेहमीप्रमाणे बाबांपुढे हात वर केले. याआधी बाबा खुर्चीत बसून तिला मांडीवर घ्यायचे, उचललं कधीच नव्हतं. या वेळी ते जरा थांबले, माझ्याकडे बघितलं, खाली वाकले आणि तिला छातीशी धरून उभे राहिले. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, कंबर!" बाबा म्हणाले, "आहे जागेवर."

त्यांची कंबर अजूनही अधूनमधून दुखते. माझीही दुखते, विशेषतः सबमिशनच्या आठवड्यात. पण आता दुखलं की मी घाबरून पडून राहत नाही, उठून एक चक्कर मारून येतो. राजगड जानेवारीत केला, सॅक पाठीवर घेऊन. तेव्हा मित्रांनो, हे वाचून झालं असेल तर आता उठा. बराच वेळ बसला आहात!